सतरा विटा

मैलापुरातल्या तंजावरी मराठी घरांत अंबुजाबाईंचं नाव निघालं की बायका आधी आवाज खाली आणत आणि मग म्हणत, "फार रागीट हो ती!" म्हणू द्या. ज्या बाईला नऊ वर्षं धुरात कोंडून ठेवलं, तिनं काय गल्लीभर साखर वाटत फिरायचं होतं? राग आला तो उशिराच आला. त्याचंच खरं तर आश्चर्य करायला हवं.

तिचं माहेर कुंभकोणमचं. वडील कृष्णाजीराव कोर्टात नकला उतरवून काढणारे कारकून. घरात पैसा नव्हता, पण अक्षर होतं. "वाचणाऱ्यास डोळा बारीक करावा लागला तर ती चूक त्याची नव्हें, तुझी," असं म्हणून त्यांनी मुलीच्या बोटांवर पट्टी मारली आणि तिचा हात असा वळवला की बाळबोध असो, तमिळ असो, छापल्यासारखं उतरे. आठवीपर्यंत शिकली. सोळाव्या वर्षी लग्न झालं आणि मद्रासला आली.

नवरा राघोत्तमराव मुलांच्या शाळेत शास्त्र शिकवायचा. साधा, सभ्य, स्वच्छ कपड्यांचा माणूस. काचेच्या हंडीखाली मेणबत्ती ठेवून ती विझवून दाखवायचा तेव्हा मागच्या बाकावरची पोरंसुद्धा उठून उभी राहत, असं सांगतात. घरात त्यानं कधी आवाज चढवला नाही, म्हणून नात्यातले लोक त्याला देवमाणूस म्हणत. आता ज्याचं सगळं न मागता ताटात पडतं, त्यानं आवाज कशासाठी चढवायचा? पण हे म्हणायचं नसतं. अंबुजासुद्धा पुष्कळ वर्षं म्हणाली नाही.

घरात तिसऱ्या राजसबाई, राघोत्तमरावांची आई. विधवा, सोवळ्याच्या बाबतीत तलवारीच्या धारेसारख्या. त्यांचे नियम त्यांनी स्वतः केलेले नव्हते आणि मोडायची मुभा त्यांनी स्वतःलाही कधी दिली नाही. एवढं त्यांच्या बाजूनं सांगायला हवं, कारण पुढे ते लागणार आहे. एकदा चार वर्षांची कनका झोपेतून उठून तशीच पारोशी आली आणि तिनं पाण्याच्या नव्या मातीच्या घागरीला हात लावला. राजसबाईंनी ती घागर स्वतः उचलून गल्लीच्या कोपऱ्यावर नेऊन फोडली. पितळ असतं तर चिंचेनं घासलं असतं. आमटीचं दगडी भांडं, चट्टी, असती तर धुऊन घेतली असती. "भाजलेली माती एकदा बाटली की कावेरीनंही शुद्ध होत नाही," असं त्या म्हणाल्या. नात रडत होती, तिला जवळ घेतलं नाही. मडीत, म्हणजे सोवळ्यात, होत्या.

स्वयंपाकघर घराच्या मागच्या अंगाला. त्याला एक दार, ते चौकात उघडायचं आणि स्वयंपाक चालू असताना लावून घ्यायचं. एक खिडकी उत्तरेला, मागच्या पडवीकडे. पडवीपलीकडे चार हातांचं अंगण, मग शेजारचं घर आणि त्या घराचा जिना. १९५२ साली त्या घरात छापखान्यात काम करणारं एक ख्रिस्ती कुटुंब राहायला आलं. बिचारी माणसं गरीब, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण डिसेंबरात धनुर्मास लागला. धनुर्मासात नैवेद्याची हुग्गी, म्हणजे मुगाची खिचडी, सूर्य उगवायच्या आत शिजली पाहिजे. बाहेर अंधार, आत दिवा, आणि जिन्यावरून मासे धुवायला उतरणाऱ्या बाईची नजर थेट चुलीवरच्या भांड्यात. राजसबाईंनी दोन दिवस सोसलं. तिसऱ्या दिवशी मुलाला सांगितलं आणि राघोत्तमरावांनी परसातल्या विटा आणून, चुन्यानं जेमतेम चिकटवून, खिडकी बुजवली. गज काढायचीही गरज पडली नाही. विटा आतून बसल्या. वर लिंपण नाही, चुना नाही, उघड्या तांबड्या विटा. सतरा होत्या. अंबुजाला तो आकडा पाठ होता, कारण पुढची नऊ वर्षं ती रोज त्यांच्याकडे बघत होती.

तीन वर्षांनी ते ख्रिस्ती कुटुंब गेलं. त्या घरात एक म्हातारे अय्यंगार राहायला आले, सकाळ-संध्याकाळ कपाळावर नाम ओढणारे, जिना न चढणारे. शेजारी बदलला. विटा तिथंच.

खोकला पहिल्या वर्षीच सुरू झाला होता. सुरूची लाकडं, पेटवायला गोवऱ्या, आणि पावसाळ्यात दोन्ही ओलसर. धूर वर कौलांपर्यंत जायचा, तिथं वाट न मिळून परत खाली यायचा आणि चुलीसमोर बसलेल्या बाईच्या डोक्याभोवती बसायचा. अंबुजाला वाटे, चुलीसमोर बसणं म्हणजे असंच असणार. सगळ्याच बायका खोकतात. सासूबाईंचे डोळे गेलेत ते म्हातारपणानं. पण मग रात्री आडवं होता येईना, उशाला दोन उशा लागू लागल्या, जिना चढताना छातीत शिट्टी वाजू लागली, तेव्हा राघोत्तमराव तिला डॉक्टर नारायणस्वामींकडे घेऊन गेले.

डॉक्टर माणूस चांगला होता. नळी तिच्या पाठीला लावली आणि प्रश्न नवऱ्याला विचारले. किती दिवस आहे? थुंकीत रक्त? घरात कोणाला क्षय? स्वयंपाकघर कसं आहे, हवेशीर आहे ना? राघोत्तमराव म्हणाले, "ऐसपैस आहे." खोटं नव्हतं. ऐसपैस होतंच. छातीचा एक्स-रे निघाला, त्यात क्षय निघाला नाही, सगळ्यांनी देवाला नारळ फोडला आणि डॉक्टरांनी समुद्राची हवा खायला सांगितलं. मग रोज संध्याकाळी राघोत्तमराव बायकोला घेऊन मरीनावर जायचे. वाळूत बसून ते तिला सांगायचे की ही हवा कुठून येते, हिच्यात काय काय असतं, लाटांमुळे तिच्यात मीठ कसं मिसळतं. तास झाला की घरी यायचं. रात्रीच्या जेवणासाठी चूल पेटवायची.

ज्या गोष्टीनं पुढे सगळं उलगडलं ती अंबुजाच्या लक्षात यायला आणखी पाच वर्षं गेली. महिन्यातले तीन दिवस ती बाहेर बसायची. मागच्या पडवीत, एक चटई, एक तांब्या, एक पानाचं ताट. कोणाला शिवायचं नाही, घरात यायचं नाही. मद्रासच्या उकाड्यात, डासांत, पावसाच्या झडीत पडवीत पडून राहायचं. आणि त्या तीन दिवसांत ती खोकायची नाही. पहिल्या दिवशी कमी, दुसऱ्या दिवशी जवळजवळ नाही, तिसऱ्या दिवशी छाती अशी मोकळी की तिला माहेरी असल्यासारखं वाटे. चौथ्या दिवशी न्हाऊन चुलीशी बसली की दुपारपर्यंत शिट्टी परत.

तिनं नवऱ्याला सांगितलं. शास्त्र शिकवतात, त्यांना कळेल.

"त्या तीन दिवसांत मज खोकला येत नाही. पाहा की एकदा."

राघोत्तमरावांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं, विचार केला आणि म्हणाले, "विश्रांती. तीन दिवस काम नाही, म्हणून बरं वाटतं तुज." आणि वर्तमानपत्र उचललं.

बरं, विश्रांती तर विश्रांती. मग १९६० साल आलं. राजसबाईंना चुलीतलं लाकूड कुठलं आणि चिमटा कुठला हे दिसेनासं झालं. अंबुजा बाहेर बसली की चुलीशी कोण? नऊ वर्षांची कनका. अजून न्हाती झाली नव्हती, म्हणून सोवळ्याला चालत होती. तिला रेशमी परकर नेसवायचा, आत पाठवायचं, दार लावायचं. राजसबाई चौकात पाटावर बसून बंद दाराआडून सांगायच्या, आता डाळ घाल, आता लाकूड ओढ. आणि पडवीत, भिंतीच्या अलीकडे, त्या सतरा विटांकडे पाठ करून अंबुजा बसलेली असायची. तिची छाती मोकळी. आणि भिंतीपलीकडे तिची मुलगी खोकत असायची.

महिन्यातले तीन दिवस. बाकीचे सत्तावीस दिवस कनका शाळेत जायची, दोरीवरून उड्या मारायची, एक ठसका नाही. तीन दिवस खोकायची. तेच तीन दिवस.

हे तिनं पुन्हा नवऱ्याला सांगितलं. या वेळी तिचा आवाज साधा नव्हता. "मी आत, तर मी खोकते. ती आत, तर ती खोकते. चुलीशी जो बसतो त्यास खोकला. आणखी काय पाहिजे तुम्हास?"

राघोत्तमराव समजूतदारपणे हसले. "तुझा दमा तिच्याकडे आला आहे. रक्तातून येतं ते. आपल्या हातात नाही."

राजसबाईंचं म्हणणं, दृष्ट लागली. त्यांनी मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. त्या धुराबद्दल काय बोलावं?

१९६१ च्या नोव्हेंबरात पाऊस थांबेचना. वखारीतून लाकूड आलं ते ओलंच. त्याच महिन्यात मद्रासमधल्या आपल्या मंडळींचं वार्षिक संमेलन होतं आणि राघोत्तमरावांना भाषण सांगितलं होतं. विषय त्यांनीच निवडला, "हवेनं माणूस कसा घडवला." ते लायब्ररीतून इंग्रजी मासिकं आणून महिनाभर टिपणं काढत होते. मजकूर चांगला होता, मानलं पाहिजे. पण अक्षर कोंबडीच्या पायांचं. आजवर त्यांच्या प्रत्येक भाषणाची प्रत अंबुजानं काढली होती आणि याचीही काढायची होती. रविवारी भाषण, आणि शुक्रवारी सकाळी अंबुजा बाहेर बसली.

"आता?" ती म्हणाली.

"आता काय? तिथं बसून काढ. कागदास विटाळ नसतो," राघोत्तमराव म्हणाले आणि त्यांनी कागद, दौत, टाक पडवीच्या कडेला ठेवून दिले. नंतर अंगणातल्या बादलीत हात धुतले, ते वेगळं.

कागदाला विटाळ नसतो! सोळा वर्षं ती पडवीत बसत होती. पाटाला विटाळ होता, दोरीवरच्या कपड्याला होता, तुळशीला होता, पोटच्या पोरीला होता. मुलीला ताप असताना कपाळाला हात लावायची सोय नव्हती. आणि भाषणाच्या कागदाला मात्र नव्हता. अंबुजानं टाक दौतीत बुडवला तो एवढ्या जोरात की शाई बोटांवर उडाली.

पण अक्षर तिनं बिघडवलं नाही. वडिलांची पट्टी अजून बोटांत होती. ती लिहीत गेली आणि लिहिता लिहिता वाचत गेली. पृथ्वी नवी होती तेव्हा तिच्या हवेत प्राणवायू नव्हता. पाण्यातल्या शेवाळासारख्या बारीक जिवांनी उन्हाच्या बळावर तो सोडायला सुरुवात केली. त्यांच्या लेखी तो टाकाऊ होता. त्या वेळच्या बहुतेक जिवांना तो जहर ठरला. काही मेले, काही चिखलात, अंधारात, हवा पोचणार नाही तिथं जाऊन बसले, ते आजही तिथंच आहेत. ज्यांना तो पचला ते वाढले, पाण्याबाहेर आले आणि हवा आत घेण्यासाठी त्यांनी शरीरात फुप्फुसं घडवली. माणसाच्या छातीतली ती पातळ पडदी उलगडून पसरली तर शाळेचा वर्ग पुरायचा नाही. आणि ती हवेला थेट भिडलेली असते, मध्ये आडोसा नाही. अन्न नको असेल तर तोंड मिटता येतं. हवेला नको म्हणता येत नाही. जी मिळेल ती घ्यावी लागते.

इथं अंबुजानं टाक ठेवला. भिंतीपलीकडे कनका खोकत होती.

"आजी, दिसत नाही गं," आतून पोरीचा आवाज आला.

"फुंक म्हणजे पेटेल," चौकातून राजसबाई.

फुंकायचं म्हणजे आधी श्वास आत घ्यायचा. कुठली हवा आत घ्यायची?

तो दिवस तसाच गेला. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, अकराव्या पानावर आली तेव्हा राघोत्तमरावांनी लिहिलं होतं ते असं: माणसानं विस्तव घरात आणला आणि त्या दिवसापासून तो आपली हवा आपणच बिघडवू लागला. लंडनसारख्या प्रगत शहरात १९५२ च्या डिसेंबरात धूर आणि धुकं चार-पाच दिवस अडकून राहिलं आणि हजारो माणसं घुसमटून मेली. जास्त करून म्हातारी माणसं आणि लहान मुलं. ज्यांना धुराचं कारण समोर दिसत होतं त्यांनी ते पाहिलं नाही, ही आपल्या काळाची लाज आहे.

१९५२. डिसेंबर.

अंबुजानं ते वाक्य पुन्हा वाचलं. मग पाठीमागे वळून विटांकडे पाहिलं. कनका तेव्हा वर्षाची होती, रांगत होती, चुन्याच्या पाटीत हात घालत होती म्हणून तिला कडेवर घेऊन अंबुजा इथंच, याच पडवीत उभी होती आणि हा माणूस बाह्या सरसावून विटा लावत होता. लंडनच्या धुराची याला लाज वाटते. हजारो कोसांवरच्या, कधी न पाहिलेल्या माणसांसाठी याचा जीव कळवळतो. सभेत हे वाचून दाखवेल. टाळ्या पडतील. आणि घरातली बायको नऊ वर्षं खोकते आहे, तिला विश्रांतीनं बरं वाटतं. मुलगी खोकते आहे, ते रक्तातून आलं.

राग तिच्या पायांतून वर आला. तिनं टाक ठेवला आणि कागद बाजूला सारले. अक्षर बिघडलं असतं.

आणि तेव्हाच तिच्या लक्षात आलं की भिंतीपलीकडे खोकला थांबला आहे.

खोकला थांबला, तशी फुंकणीही थांबली होती. डावाचा आवाज नाही, भांड्याचा नाही. एक बारीक, ओढलेला आवाज तेवढा येत होता. दोरीनं बांधलेल्या पिशवीतून हवा ओढावी तसा. तो आवाज अंबुजाला ओळखीचा होता, तिच्या स्वतःच्या छातीतून कितीतरी रात्री आलेला. "कनके!" तिनं हाक मारली. उत्तर नाही. "आत्याबाई, आत पाहा!" चौकातून सासूबाईंचंही उत्तर नाही, राजसबाई देवघरात जपाला बसल्या होत्या.

ती उठली. पडवी ओलांडली, चौक ओलांडला, सोवळ्याचं दार ढकललं आणि आत गेली.

धुरात आधी काही दिसलं नाही. कनका चुलीपासून दोन हातांवर गुडघ्यात डोकं घालून बसली होती, ओठ निळसर, खांदे प्रत्येक श्वासाला कानापर्यंत चढत होते. अंबुजानं तिला उचललं. दहा वर्षांची पोर, रेशमी परकरासकट, छातीशी घेतली आणि बाहेर आणून विहिरीच्या कट्ट्यावर बसवलं. पाठीवरून हात फिरवत राहिली. पाऊस भुरभुरत होता. पोरीनं एक श्वास घेतला, अडखळत दुसरा घेतला, आणि मग खोकून खोकून काळा बेडका टाकला. हळूहळू खांदे खाली आले. ओठांवर रंग आला.

"अम्मा," कनका पहिला शब्द बोलली तो हा, "तू मज शिवलीस."

"शिवले."

"सांबार वाया गेलं आता."

एवढंसं पोर. मरता मरता वाचली आणि तिला सांबाराची काळजी! अंबुजाच्या डोळ्यांत पाणी आलं ते मायेचं नव्हतं, संतापाचं होतं. तिनं मुलीला कट्ट्यावर नीट टेकवलं, स्वतःचा पदर तिच्या डोक्यावर धरून थोडा वेळ बसली, श्वास पुरता सरळ झाल्याची खात्री केली. मग उठली आणि पुन्हा स्वयंपाकघरात गेली.

या वेळी तिला घाई नव्हती. खिडकीसमोर उभी राहिली आणि एकेका विटेवर पंजा ठेवत गेली. वरची ओळ, मधली ओळ, खालची ओळ. ज्या बोटांवर शाई होती तीच बोटं, घामानं आणि पावसानं ओली. प्रत्येक विटेवर निळा डाग उमटला. सतरा झाल्या. दुसऱ्या कशाला, भिंतीला, फळीला, चुलीला तिनं हात लावला नाही.

राजसबाई जप संपवून बाहेर आल्या तेव्हा अंबुजा चौकात उभी होती आणि तिनं एका दमात सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. "मी आत गेले. मुलीस शिवले. सांबार, भात बाटला. आणि खिडकीच्या विटांस शिवले. एक नाही सोडली."

म्हातारीचा चेहरा दगडासारखा झाला. ती काही बोलायच्या आत राघोत्तमराव शाळेतून आले, शनिवारची अर्धी शाळा. छत्री मिटता मिटता त्यांनी ऐकलं, कनकेकडे पाहिलं, तिचा हात हातात घेतला. घाबरले होते. वाईट बाप नव्हता तो. पण घाबरलेला माणूस आधी गडबड मिटवायला बघतो.

"आई, ठीक आहे, जे झालं ते झालं. अन्न टाकू, शेणानं सारवून घेऊ. विटांचं काही नाही. ती रागात बोलते आहे, शिवली नसेल."

"आत जाऊन पाहा," अंबुजा म्हणाली.

ते आत गेले, खोकत बाहेर आले. शाई दिसली होती. "बरं, शिवली. त्यानं काय होतं? सगळ्या भिंती विटांच्याच आहेत. उद्या घर पाडायचं? आई, शास्त्राच्या दृष्टीनं पाहिलं तर—"

"तू गप," राजसबाई म्हणाल्या.

घरात कोणी राघोत्तमरावांना असं गप केलं नव्हतं.

"भिंतीस लिंपण आहे. चुना आहे. सारवलं की भिंत शुद्ध. या विटा उघड्या आहेत. भाजलेली माती." त्या थांबल्या, मिचमिच्या डोळ्यांनी मुलाचा आवाज जिथून येत होता तिकडे पाहिलं. "लिंपण कशास नव्हतं केलं, आठवतं तुज? मी नको म्हटलं. धनुर्मासापुरत्या बसव, संक्रांत झाली की काढ, म्हणून सांगितलं होतं. एका महिन्याचं काम. नऊ वर्षं झाली."

अंबुजाला हे माहीत नव्हतं. तिला वाटत होतं, ही म्हातारीची कायमची आज्ञा आहे, कावेरीच्या पाण्यासारखी, जिच्यापुढे कोणाचं काही चालत नाही. निघालं काय? एक महिन्याचं काम. हा काढायला विसरला.

"तुम्हीही बोलला नाहीत, आत्याबाई," ती म्हणाली. आवाज तिला आवरला नाही.

"नाही बोलले," राजसबाई म्हणाल्या. "मज दिसत नव्हतं, धूर आहे की नाही ते. खोकला मज तुझ्या वयापासून आहे. मज वाटलं, चुलीशी बसणं म्हणजे असंच." मग मुलाकडे वळून म्हणाल्या, "काढ. बाटल्या आहेत त्या. मज घरात नकोत."

राघोत्तमरावांनी शाळेच्या कोटासकट विटा काढल्या. चुना जेमतेम होता, पहारही लागली नाही, हातानं हलवल्या की निघत होत्या. त्यानं एकेक वीट पडवीतून नेऊन गल्लीच्या कोपऱ्यावर टाकली, जिथं त्याच्या आईनं घागर फोडली होती. अंबुजा बघत उभी राहिली. मदतीला गेली नाही. अर्धा तास लागला.

त्या संध्याकाळी तिनं उरलेली पानं उतरवून दिली. लंडनच्या वाक्याखाली तिनं आपल्या छापल्यासारख्या अक्षरात एक ओळ जास्त लिहिली: "त्याच महिन्यात मैलापुरातल्या एका शास्त्रशिक्षकानं आपल्या स्वयंपाकघराची खिडकी विटांनी बुजवली." रविवारी कनका वडिलांबरोबर संमेलनाला गेली. परत आल्यावर पडवीच्या कडेला उभी राहून तिनं आईला सांगितलं, खूप टाळ्या पडल्या.

"लंडनचं वाचलं?"

"वाचलं की. तिथं अप्पा जरा थांबले. पाणी प्यायले. मग पान उलटलं."

राघोत्तमरावांनी ती ओळ कधी खोडली नाही आणि कधी कोणाला वाचूनही दाखवली नाही. प्रत कपाटात राहिली.

पुढच्या महिन्यात अंबुजा बाहेर बसली. नियम नियमच होता. फक्त एक नवा निघाला होता. खिडकी उघडी म्हणून तिनं खिडकीकडे पाठ करून बसायचं, बाहेरचीची नजर अन्नावर पडू नये. बसली. मागून डाव फिरल्याचा आवाज येत होता, मोहरी तडतडली, लाकूड फुटलं. धूर तिच्या डोक्यावरून अंगणात जात होता आणि पलीकडे अय्यंगारांच्या भिंतीवरून वर चढत होता. ती कान देऊन होती. एक तास झाला, दीड झाला. मुलगी एकदाही खोकली नाही.

"अम्मा," खिडकीतून कनका म्हणाली, "मीठ किती घालू?"

"चिमटीनं तीन."

"बरं." आणि पोर गाणं गुणगुणत चुलीकडे वळली. चुलीशी बसून गाणं! अंबुजा जन्मात चुलीशी गायली नव्हती. गाण्याला श्वास लागतो.

लोकांना वाटेल, आता तिचा राग निवला असेल. तसलं काही नाही. तो पडवीत बसल्या बसल्या जो पेटला तो अंबुजाबाई सत्तरीच्या झाल्या तरी विझला नाही. पोर गात होती, धूर मुकाट्यानं बाहेर जात होता, आणि तिच्या डोक्यात एकच हिशोब घणासारखा पडत होता. अर्धा तास. पहारसुद्धा लागली नाही. नऊ वर्षं.

ती खिडकीकडे पाठ करून, दातांवर दात घट्ट धरून बसून राहिली.